उपवासकाळ संपला म्हणून वाचन का संपावं? पुनरुत्थानकाळाचे पन्नास दिवस, रोजचं वचन

मलप्रभाकाठ (खानापूर) | ६ एप्रिल २०२६, रात्री

सगळ्यांना पुनरुत्थानाच्या शुभेच्छा.

राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला तेव्हापासून, म्हणजे १८ फेब्रुवारीपासून, मी रोज जेवणं उरकल्यावर सासूबाईंना त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचून दाखवत होते. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. आत्ती शाळेत गेलेल्या नाहीत, आता नजरही अधू झाली आहे, पण कान शाबूत आहेत. उपवासकाळात त्यांनी मला एकही दिवस चुकू दिला नाही. पवित्र शुक्रवारी सबंध दुःखसहनाचा वृत्तांत परत घरी वाचायला लावला, चर्चमध्ये ऐकून आलो होतो तरी.

आज भांडी घासून झाली आणि मी मोबाईल घेऊन बसले. आत्ती अंथरुणावर बसून वाट बघत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आज वाचत न्हाईस?" मी म्हटलं, "उपास संपले की, आत्ती." त्यावर म्हणाल्या, "तो उठला आणि तू निजलीस व्हय गं?"

मला रडूच आलं. खरंच आहे ते. चाळीस दिवस आपण शिस्तीत काढतो. मांसाहार सोडतो, क्रुसाची वाट करतो, दानाच्या डब्यात पैसे साठवतो. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो सण आला की बिर्याणी करून, नवे कपडे घालून एका दिवसात मोकळे होतो. पुनरुत्थानकाळ तर उपवासकाळाहून मोठा, पन्नास दिवसांचा. यंदा ५ एप्रिलपासून २४ मेपर्यंत, पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंत. हे पन्नास दिवस मी आजवर कधी वाचून काढलेले नाहीत. तुमच्यापैकी कुणी काढलेत का?

लगेच उठून आजचं वाचलं. मत्तय २८:८-१५. बायका कबरेपासून "भीतीने व मोठ्या आनंदाने" धावत सुटतात. आत्ती म्हणाल्या, "दोन्ही संगट असतंय ते." त्यांना सात बाळंतपणं झाली आहेत. कशाबद्दल बोलत होत्या ते मला कळलं.

माझ्याबरोबर कोण वाचणार? रोज दोन ओळी लिहिल्या तरी पुरे.

कॅम्पातला दादा (बेळगाव) | ७ एप्रिल

ताई, मी आहे. थोडी माहिती देतो म्हणजे वाचताना वाट सापडेल.

या पन्नास दिवसांत मिस्सेतलं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतलं, पहिलं वाचन जुन्या करारातून नसतं. एरवी रविवारी बहुधा असतं, या काळात नसतं. त्याच्या जागी प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मधली काही पानं वगळत, वाचलं जातं. पहिल्या आठवड्यात चारही शुभवर्तमानांतून पुनरुत्थित प्रभूच्या भेटी येतात. दुसऱ्या आठवड्यापासून जवळजवळ सगळं योहानाचं: आधी निकदेम नावाच्या परुश्याशी बोलणं, मग पाच भाकरी आणि जीवनाची भाकर, मग मेंढपाळ, मग शेवटच्या जेवणाच्या वेळचं लांब बोलणं. एका हाताला ख्रिस्ती मंडळी कशी वाढली ती गोष्ट, दुसऱ्या हाताला ती कशाच्या बळावर वाढली ते. दोन्ही एकत्र वाचा, सुटं वाचू नका.

पहिले आठ दिवस तर उपासनेत एकच दिवस धरतात. आज मंगळवार आहे, पण चर्चच्या हिशेबानं अजून पुनरुत्थानाचाच दिवस चालू आहे.

निपाणीकर | ७ एप्रिल

आम्ही मेथॉडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट. आमच्या घरी रोजची ठरलेली वाचनं नसतात, आई तिला वाटेल ते उघडून वाचायची. या धाग्यात आलो तर चालेल का?

मी पण तुमच्यासारखाच. दुःखाच्या दिवसांना नियम आहेत म्हणून ते पाळले जातात. आनंदाला कुणी नियम घालून दिला नाही, म्हणून तो विसरतो.

मलप्रभाकाठ | ७ एप्रिल, रात्री

निपाणीकर दादा, चालेल का काय विचारताय! पुस्तक एकच आहे आपलं.

आजचं योहान २०:११-१८. मग्दालीया मरीया कबरेपाशी रडत उभी आहे. येशू समोर येतो आणि तिला तो माळी वाटतो. किती बोलतो तो तिच्याशी! "बाई, का रडतेस? कोणाचा शोध करतेस?" तरी ओळखत नाही. मग तो फक्त "मरीये" म्हणतो, आणि ती वळते.

इतकी वर्षं हे ऐकलं, पण पुढचा शब्द आज पहिल्यांदा नीट कानात गेला. ती "रब्बूनी" म्हणते. योहानानं सगळं पुस्तक ग्रीकमध्ये लिहिलं, पण हा शब्द तिच्या बोलीतला, तसाच ठेवला आणि शेजारी अर्थ दिला: गुरुजी. भाषांतर करून टाकायला त्याला काय हरकत होती? मला वाटतं, ज्यांनी तो प्रसंग तिच्या तोंडून ऐकला त्यांच्या कानातून तो शब्द जाईना. ती कशी म्हणाली असेल ते त्यांना तसंच पोचवायचं होतं.

आत्तींचं माहेर घाटाखालचं. त्यांना घरी ज्या नावानं हाक मारायचे, ते नाव आता जिवंत माणसांत कुणालाच माहीत नाही. आज वाचून झाल्यावर त्यांनी ते मला सांगितलं. इथं लिहीत नाही, त्यांचं आहे ते.

वडगावकर | ८ एप्रिल

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. माझी बायको ११ मार्चला गेली. शनिवारी रात्री सगळ्यांनी पास्काच्या, म्हणजे पुनरुत्थानसणाच्या, मेणबत्तीवरून आपापल्या मेणबत्त्या पेटवल्या, मी मागच्या खांबापाशी उभा राहिलो. माझी पेटवली नाही.

आज अम्माऊस गावाकडं निघालेल्या दोन शिष्यांचं वाचन, लूक २४:१३-३५. मी एका वाक्यावर अडकलो. ते दोघं म्हणतात, "आम्हांला आशा होती." होती. यापुढं माझ्याच्यानं वाचवलं नाही.

घाटरस्ता (जांबोटी) | ८ एप्रिल

दादा, मी त्याच वाक्याच्या थोडं आधी थांबले होते. येशू त्या दोघांना गाठतो आणि विचारतो, तुम्ही कसल्या गोष्टी बोलत चालला आहात? ते म्हणतात, यरुशलेमेत काय घडलं ते तुलाच ठाऊक नाही का? आणि तो विचारतो, "कोणत्या गोष्टी?"

त्याला माहीत नव्हतं का? त्याच्याच अंगावर घडलेलं सगळं. तरी त्यानं "मला माहीत आहे" म्हटलं नाही. त्यांना पहिल्यापासून सगळं सांगू दिलं, "आशा होती" हेही बोलू दिलं, मग तोंड उघडलं. दवाखान्यात काम करते मी. माणसं गेल्यावर घरच्यांना लोक काय काय सांगत सुटतात ते रोज बघते. ऐकून घेणारा क्वचितच असतो.

तुम्हाला वाटेल तेव्हा वहिनींबद्दल लिहा. पुढचं वाचायची घाई नाही.

वडगावकर | ८ एप्रिल, रात्री

एकच गोष्ट सांगतो. ती तव्यावरची पहिली भाकरी कधी टोपल्यात टाकायची नाही. हातानं मोडायची, वाफ निघत असायची, बोटं भाजायची तिची, आणि पापुद्रा नीट सुटलेला अर्धा भाग माझ्या ताटात टाकायची. एकतीस वर्षं. तिला विचारलं तर म्हणायची, गरम खा की, बोलत काय बसलाय.

आज रात्री उरलेलं वाचन वाचलं. भाकर मोडताना ओळखलं त्यांनी त्याला.

कॅम्पातला दादा | ८ एप्रिल, रात्री

दादा, काही लिहिण्यासारखं नाही. वाचलं आणि घरातले सगळे गप्प बसलो.

घाटरस्ता | १० एप्रिल

आज योहान २१:१-१४. या धाग्यात कुणी मासे धरणारं असेल तर त्यांनी लिहावं. मी फक्त स्वयंपाकाचं बोलते.

रात्रभर जाळी टाकून हाती काही नाही. पहाटे काठावर कुणीतरी उभा. जाळं उजवीकडं टाका म्हणतो, आणि १५३ मोठे मासे लागतात. आपण त्या आकड्याचा अर्थ शोधत बसतो. मला मात्र नववं वचन आवडतं. ते काठावर आले तर तिथं कोळशांचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी ठेवलेली, भाकर तयार. म्हणजे ह्यांचे मासे पोचायच्या आधीच त्यानं रांधलं होतं. तरी म्हणतो, तुम्ही धरलेल्यांतले पण आणा. घरात आलेल्या पाहुण्यानं दोन वांगी आणली तर आपण आपली भाजी तयार असली तरी तीही चिरून टाकतो, तसं.

आणि मग म्हणतो, "या, न्याहारी करा." मरणाला जिंकून आलेला देवाचा पुत्र, आणि त्याच्या तोंडी हे शब्द. न्याहारी! शेतावर डोक्यावरून पाटी घेऊन जाते ती न्याहारी.

एक गोष्ट आमच्या फादरांनी पूर्वी सांगितली होती ती लक्षात राहिली. कोळशाच्या विस्तवासाठी योहान जो ग्रीक शब्द वापरतो तो नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. एक इथं. दुसरा १८:१८ मध्ये, महायाजकाच्या अंगणात, जिथं पेत्र शेकत उभा होता आणि त्यानं आपण येशूचा शिष्य असल्याचं नाकारलं. तोच वास, तीच ऊब. येशू त्याला त्या रात्रीबद्दल एक शब्द बोलत नाही. तसाच विस्तव पेटवतो आणि खायला बोलावतो. आधी पोटभर घातलं, मग विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस काय. तेही तीनदा. जितकी नाकारणी तितकेच प्रश्न. ते वाचन शेवटच्या आठवड्यात येईल.

मलप्रभाकाठ | १८ एप्रिल

मध्ये दहा दिवस लिहिलं नाही, वाचन मात्र चुकलं नाही. निकदेमाबद्दल बोलण्यासारखं खूप होतं, पण आजच्या पहिल्या वाचनावर मला सगळ्यांचं ऐकायचं आहे. कृत्ये ६:१-७.

यरुशलेमेतली पहिली मंडळी. सगळं समाईक, रोज वाटप. आणि तिथंसुद्धा कुरकुर होते. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत वगळलं जातंय. इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळतंय.

म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याला फार काळ लोटला नव्हता. तेव्हाच भाषेवरून ताटं वेगळी झाली होती. आपल्या बेळगाव जिल्ह्यात राहून हे वाचलं की दुसरीकडच्यांना नाही लागत तसं ते लागतं.

शहापूर गल्ली | १८ एप्रिल

ताई, विनंती आहे. इथं सीमावाद आणू नका. चर्चमध्ये तरी माणसाला त्यातून सुटका मिळू दे. बाहेर पाट्यांवरून, बसवरून, १ नोव्हेंबरवरून काय चालतं ते आपण सगळे बघतो. मी कामावर दिवसभर कानडी बोलतो, घरी मराठी, आणि मला दोन्हीकडची चांगली माणसं भेटली आहेत.

मलप्रभाकाठ | १८ एप्रिल

दादा, तुमचं म्हणणं पटतं. वाद आणायचा नाही मला. पण वचनानंच तो विषय काढलाय, मी नाही. कृत्ये लिहिणाऱ्या लूकाला हे झाकता आलं असतं. मंडळी एकदिलानं राहत होती एवढंच लिहून पुढं गेला असता. त्यानं लिहिलं.

जुना वेदीसेवक (लोंढा) | १९ एप्रिल

मी वयानं तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा असेन. टाइप करायला वेळ लागतो, म्हणून एकदाच लिहितो.

माझा जन्म १९५३ चा. त्याच वर्षी बेळगाव धर्मप्रांत स्थापन झाला, त्याआधी आपण गोव्याच्या धर्मप्रांतात होतो. मी तीन वर्षांचा असताना, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. घर तेच, विहीर तीच, राज्य बदललं. घरात आजी कोकणीत रोझरी म्हणायची, शाळा मराठी, वडिलांच्या ऑफिसचे कागद हळूहळू कानडीत येऊ लागले. आणि मिस्सा लॅटिन. मी नऊ वर्षांचा असल्यापासून वेदीवर सेवा करायचो. "दोमिनुस वोबिस्कुम" म्हटलं की "एत कुम स्पिरितू तुओ" म्हणायचं. अर्थ ठाऊक नव्हता. पाठ होतं, आणि सुंदर वाटायचं. ते आजही खोटं म्हणणार नाही.

मग दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, १९६२ ते १९६५, आणि लोकांच्या भाषेत मिस्सा आली. पहिल्यांदा वाचन समजलं त्या दिवशी माझी आई मान खाली घालून बसली होती. घरी येताना म्हणाली, "एवढं सगळं सांगत होते होय इतकी वर्षं?"

पण आपल्याकडे लगेच पुढचा प्रश्न आला. लोकांची भाषा म्हणजे कुठली? कोकणी, मराठी, कानडी, इंग्रजी, आणि आपल्या स्टेशनाच्या गावात तर तमिळ आणि तेलुगूसुद्धा. मी दूर एका गावात नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. तिथं एक म्हातारी विधवा बाई होती. सणाला गरजूंना धान्य द्यायची यादी व्हायची ती एका भाषेत वाचून दाखवत, आणि तिला ती भाषा येत नव्हती. दोन वर्षं तिचं नाव यादीत होतं आणि दोन वर्षं ती हाकेला उठली नाही. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. यादी वाचणाऱ्यांत मीही होतो.

म्हणून कृत्यांचा सहावा अध्याय मला परक्याचा वाटत नाही. आता प्रेषितांनी काय केलं ते बघा. सात माणसं निवडा म्हणाले. नावं वाचा सावकाश: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातच्या सात नावं ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच नावाची माणसं, आणि सगळ्यांच्या वाटपाची जबाबदारी त्यांच्या हाती. इब्री विधवांचंसुद्धा आता तेच वाढणार. निम्मी तुमची निम्मी आमची अशी विभागणी केली नाही. चौकशी समिती नेमली नाही. ज्यांना कमी पडलं होतं त्यांच्या हातात पळी दिली.

हेच वाचन ३ मे रोजी, रविवारी, पुन्हा येणार आहे. त्या दिवशी चर्चला जाल तेव्हा शेजारी कोण बसलंय आणि त्याला वाचन समजतंय का, एवढं बघा.

शहापूर गल्ली | १९ एप्रिल

काका, मी माझं म्हणणं मागं घेतो. त्या आजींचं पुढं काय झालं?

जुना वेदीसेवक | २० एप्रिल

तिसऱ्या वर्षी धान्य घेऊन मी तिच्या घरी गेलो. तिनं आधी मला चहा दिला.

निपाणीकर | २६ एप्रिल

आज मेंढपाळाचा रविवार. योहान १०:१-१०. आमच्या बाजूला धनगर पावसाळा संपला की मेंढरं घेऊन फिरतात, रात्री शेतात बसवतात. लहानपणी बघितलंय, दोन कळप एकत्र मिसळले तर एक धनगर जिभेनं "ट्रर्र" असा काहीतरी आवाज काढायचा, दुसरा वेगळा. मेंढरं आपोआप दोन बाजूंना व्हायची. "मेंढरे त्याची वाणी ओळखतात" हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. एवढंच.

अथणीची बाग | ६ मे

बरेच दिवस नुसता वाचत होतो. आजचं शुभवर्तमान माझ्या धंद्याचं आहे म्हणून लिहितो. योहान १५:१-८. "मी खरा द्राक्षवेल आहे."

आमची चार एकर द्राक्षं आहेत, अथणी तालुक्यात. सणाचे प्रवचनकार द्राक्षवेलीवर बोलतात तेव्हा नेहमी रसरशीत घडांबद्दल बोलतात. हे वाचन मात्र दरवर्षी ज्या दिवसांत येतं त्या दिवसांत वेलीवर एकही घड नसतो. आता बागेत आलात तर हिरव्या पानांशिवाय काही दिसणार नाही. महिनाभरापूर्वी तर तेही नव्हतं.

आमच्याकडं वर्षाला दोन छाटण्या. ऑक्टोबरची फळछाटणी आणि एप्रिलची खरडछाटणी. माल निघाला की एप्रिलमध्ये सगळ्या काड्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांदीपर्यंत, खरडून काढायच्या, काडीला एखादा डोळा ठेवायचा. यंदा आम्ही १ एप्रिलला केली, पवित्र गुरुवारच्या आदल्या दिवशी. संध्याकाळी टोळी गेली आणि मी एकटा बांधावर उभा होतो. चार एकरांत नुसती वाळल्यासारखी खोडं आणि तारा. खाली काड्यांचा ढीग. नवख्या माणसाला वाटेल, बाग मोडली. दोन दिवसांनी शुक्रवारी क्रुसाचं चुंबन घेताना डोळ्यांपुढं तेच होतं.

आठ-दहा दिवसांत डोळे फुटतात. मग विरळणी, मग शेंडा खुडायचा. आणि छाटणीपासून साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात काडीवरच्या नव्या डोळ्यांत आतल्या आत घड तयार होतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. पुढच्या हंगामाला झाडावर किती घड येणार ते ह्याच उन्हात, ह्याच दिवसांत ठरतं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जो बाहेर येतो तो मे महिन्यातच आत बसलेला असतो. छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत देतो, डोळा कापून भिंगाखाली बघतात, तेव्हा कळतं आत आहे का नाही. ह्या दिवसांत डोळ्यावर ऊन पडलं पाहिजे. पानांची गर्दी झाली, सावली पडली, तर पुढं नुसत्या वेली वाढतात, घड नाही.

१ एप्रिलपासून मोजलं तर आज ३५ दिवस झाले. पवित्र आत्म्याच्या सणाला ५३ होतील. मी हे मुद्दाम जुळवलं नाही. ताईंचा पहिला लेख वाचला, "पन्नास दिवस कुणी वाचून काढलेत का", तेव्हा उठून कॅलेंडर काढलं आणि बघत राहिलो.

आणखी एक. येशू म्हणतो, फळ न देणारा फाटा तो काढून टाकतो, फळ देणारा फाटा तो साफ करतो. कात्री दोघांनाही लागते. माझा बाप सांगायचा, वाईट वेलीला कुणी छाटत बसत नाही.

वडगावकर | ६ मे, रात्री

बाग दादा, तुमचं दोनदा वाचलं. बायको गेल्यापासून मला एकच वाटायचं, माझं कुठं काय चुकलं म्हणून कात्री चालली. तुमच्या वडिलांचं वाक्य मुलीला वाचून दाखवलं.

गेल्या आठवड्यात मी भाकरी केली. थापायला जमत नाही, पिठात मोडते. शेवटी प्लास्टिकच्या कागदावर दाबून केली. पहिली फुगली नाही. तरी मोडून अर्धी मुलीच्या ताटात टाकली. ती काही बोलली नाही, खाल्ली.

मलप्रभाकाठ | ७ मे

दादा, काल रात्री आत्तींना तुमचा भाकरीचा मजकूर वाचून दाखवला. म्हणाल्या, त्याला सांग, पाणी कडकडीत उकळून पीठ मळ, मग मोडत न्हाई.

कालच्या वाचनात "माझ्यामध्ये राहा" असं पुन्हा पुन्हा येतं. ऐकता ऐकता आत्तींनी थांबवलं आणि विचारलं, "राहा असं आधी कुणी म्हटलं हुतं?" मला आठवेना. त्यांनाच आठवलं. अम्माऊसच्या वाटेवर ते दोघं म्हणाले होते, "आमच्याबरोबर राहा, संध्याकाळ होत चालली आहे." पहिल्या आठवड्यात शिष्य त्याला राहा म्हणतात, पाचव्या आठवड्यात तो त्यांना राहा म्हणतो. कॅम्पातल्या दादांना फोन करून विचारलं, तर मूळ ग्रीकमध्येही दोन्हीकडं एकच क्रियापद आहे म्हणाले. एका महिन्याच्या अंतरानं वाचलेलं त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी बसलं होतं. रोज वाचलं नसतं तर मला हे कधीच दिसलं नसतं. त्यांनाही नाही.

कॅम्पातला दादा | १७ मे

आज स्वर्गारोहण. पुनरुत्थानापासून चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी येतं, आपल्याकडे रविवारी साजरं करतात. आता या आठवड्यात कृत्यांत पौलाचा निरोप आणि योहानात सतरावा अध्याय, येशूची आपल्यासाठीची प्रार्थना. "त्या सर्वांनी एक व्हावे." वेदीसेवक काकांच्या लेखानंतर हे वाक्य हलकं घेता येणार नाही.

मलप्रभाकाठ | २३ मे, रात्री

दुपारी वळीव झाला, गारांसकट. दोन तास वीज नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात वाचलं. तीच, पास्काच्या शनिवारी रात्री पेटवलेली, अर्धी उरली होती.

कृत्ये संपलं. पौल रोममध्ये भाड्याच्या घरात दोन वर्षं राहिला आणि जे येत त्या सगळ्यांचं स्वागत करी. पुढं त्याचं काय झालं ते लूक लिहीतच नाही. योहानही संपलं: येशूनं केलेलं सगळं लिहायचं म्हटलं तर पुस्तकं जगात मावणार नाहीत. आत्ती म्हणाल्या, "मग उरलेलं?" मी म्हटलं, लिहिलेलं नाही. त्या बराच वेळ गप्प होत्या.

उद्या पन्नासावा दिवस. प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं ते वाचन. चर्चमध्ये ऐकून आल्यावर घरी ते त्यांच्या माहेरच्या बोलीत सांगून बघणार आहे. मला ती नीट येत नाही. त्या दुरुस्त करतील.

वडगावकर | २४ मे, रात्री

आज मेणबत्ती पेटवली.

उद्या सोमवारचं वाचन कुठलं आहे? पन्नास दिवस संपले, पण मुलगी विचारतेय.

कॅम्पातला दादा | २४ मे, रात्री

उद्या मंडळीची माता मरीया हिचा स्मृतिदिन. योहान १९:२५-३४. क्रुसापाशी उभी असलेली आई, आणि त्या वेळेपासून शिष्यानं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं ते.

वडगावकर | २४ मे, रात्री

काढून ठेवलं. सकाळी तिच्या कॉलेजच्या आधी वाचतो.